कॅमेरा आणि काडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

शेरगिल कुटुंबावरील माझ्या मागील लेखावर आपण एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आधी आभार मानतो. कौतुकाच्या दोन ओळी लिहून मोकळे होणारे वाचक पुष्कळ असतात. लेख शेवटपर्यंत वाचून त्यातील सांधे ढिले कोठे आहेत हे दाखवणारे थोडे. ज्यांनी आपली प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. चित्रकार अमृता शेरगिल हिचे वडील, छायाचित्रे काढणारे उमरावसिंग शेरगिल हे पैसेवाले हौशी गृहस्थ होते, घरातल्या माणसांचे फोटो काढणे ही त्या काळच्या सरदारांची चैन होती आणि त्यांना अमृताच्या पंक्तीला बसवणे म्हणजे घराणेपूजा होय, हा आपला पहिला आक्षेप. उमरावसिंगांचे नातू, कलावंत विवान सुंदरम यांनी अमृताच्या नावावर आपली कारकीर्द उभी केली आणि आजोबांच्या जुन्या छायाचित्रांची संगणकावर मोडतोड करून ती 'कला' म्हणून विकली, हा दुसरा. या सगळ्याचा मराठी वाचकाशी काय संबंध, हा तिसरा. त्याशिवाय दोन चुका आपण दाखवल्या आहेत आणि अगदी शेवटच्या ओळीत एक साधा प्रश्न विचारला आहे. त्या प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे, कारण माझ्या मते आपल्या पत्रातील सर्वांत अडचणीत टाकणारी ओळ तीच आहे.

चुकांपासून सुरुवात करतो. विवान हे अमृताचे 'पुतणे' असे मी लिहिले होते. ते तिचे भाचे. अमृताची धाकटी बहीण इंदिरा हिचे ते चिरंजीव, म्हणजे अमृता त्यांची मावशी आणि उमरावसिंग त्यांचे आईचे वडील. इंग्रजी पुस्तके वाचत मराठीत लिहिणाऱ्याच्या हातून अशी चूक होते. इंग्रजीला बहिणीचा मुलगा आणि भावाचा मुलगा एकाच शब्दात चालतात, आपल्याला चालत नाहीत, आणि चालू नयेत. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. लेखाच्या माथ्यावर दिलेली प्रतिमा आपण उमरावसिंगांचे मूळ छायाचित्र समजून पाहिली आणि ती विवान यांनी २००१-०२ च्या सुमारास केलेल्या मालिकेतील जुळवलेली प्रतिमा आहे हे कळल्यावर आपल्याला फसवले गेल्यासारखे वाटले. ती भावना रास्त आहे. प्रतिमेखाली तशी ओळ द्यायला हवी होती, मी दिली नाही. आता दिली आहे, आणि तिच्या शेजारी मूळ छायाचित्रही लावले आहे. मात्र या चुकीचे माप कलावंताच्या पदरात घालू नये. विवान यांनी त्या मालिकेच्या नावातच 'पुन्हा टिपलेली अमृता' अशा अर्थाचे शब्द वापरले आहेत. लपवाछपवी माझ्याकडून झाली, त्यांच्याकडून नव्हे.

आता 'पैसेवाल्याची हौस'. यातील निम्मा भाग मी मुकाट्याने मान्य करतो. माझ्या आजोबांचा आयुष्यात एकच फोटो निघाला. मिरजेच्या स्टुडिओत, मागे रंगवलेला जिना आणि कुंडी, अंगावर मागून आणलेला कोट, आणि पाहणाऱ्याला अवघडल्यासारखे व्हावे इतकी ताठ मान. त्याच दशकात उमरावसिंगांच्या घरी काचेच्या निगेटिव्ह, दुहेरी भिंगांचा कॅमेरा आणि परदेशातून येणारे रसायन यांना तोटा नव्हता. मजिठा घराण्याची जमीन होती, धाकटे बंधू सर सुंदरसिंग मजिठिया यांचा गोरखपूरजवळ सराया येथे साखर कारखाना होता. स्वतः उमरावसिंगांना पोटासाठी काही करावे लागले नाही. ते संस्कृत-फारसीचा व्यासंग करीत, आकाशातील तारे पाहत, सुतारकाम करीत, योगाभ्यास करीत. कवी इक्बालांशी त्यांची मैत्री होती. पैसा नसता तर यातील काहीच झाले नसते, हे उघड आहे.

परंतु कॅमेरा विकत घेण्याचा पैसा पुष्कळांकडे होता. संस्थानिकांकडे होता, मोठ्या वकिलांकडे होता, गोऱ्या साहेबांकडे तर होताच. त्यांनी काढलेले फोटो बहुतेक एकाच जातीचे असतात : शिकार, दरबार, हत्ती, खुर्चीत बसलेला मालक. हौसेने सगळ्यांना तेथवरच नेले. उमरावसिंग तेथून पुढे कोठे गेले हे पाहण्यासाठी एकच छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. साल १९०४, गाव लाहोर, उमरावसिंगांचे वय चौतीसच्या आसपास. नुकतेच न्हाणे झाले आहे आणि केस मोकळे सोडलेले आहेत. एवढेच. आता त्या काळच्या शीख सरदाराचा फोटो कसा असे ते आठवा : पगडी, अंगरखा, तलवार किंवा निदान हातात काठी. पगडी हीच ओळख आणि पगडी हाच मान. ती उतरवून, घरच्या माणसांशिवाय कोणी पाहू नये अशा अवस्थेत स्वतःला कॅमेऱ्यापुढे आणणे आणि ते चित्र जपून ठेवणे, हे प्रतिष्ठा दाखवण्याच्या हौसेच्या नेमके उलटे आहे. पुढे याच माणसाने उपवासाने हडकलेला आपला उघडा देहही असाच टिपला. विशीच्या आगेमागे सुरू झालेला हा उद्योग म्हातारपणापर्यंत चालू राहिला. स्वतःकडे वर्षानुवर्षे, वेगवेगळ्या वेषांत आणि वेषाविना, कसलीही पाठ थोपटून न घेता पाहत राहणे याला 'घरातले फोटो' म्हणता येईल. पण मग रेम्ब्रांटच्या आत्मचित्रांनाही आरशासमोरची करमणूक म्हणावे लागेल. तुलना मोठी झाली, याची मला जाणीव आहे. ती दर्जाची नाही, वृत्तीची आहे.

दुसरी एक तांत्रिक गोष्ट आपल्या लक्षात आणून द्यावीशी वाटते, कारण 'फोटो काय, बटण दाबले की झाले' हा सूर आपल्या प्रतिक्रियेत दोनदा आला आहे. उमरावसिंग ज्या साधनांनी काम करीत त्यांत बटण दाबून काहीच होत नसे. आटोक्रोम नावाची रंगीत छायाचित्रांची पद्धत १९०७ मध्ये फ्रान्समध्ये बाजारात आली. तिच्यात काचेवर बटाट्याच्या पिष्टाचे रंगवलेले अतिसूक्ष्म कण पसरलेले असत आणि त्यांतून गाळून आलेला प्रकाश रंग उमटवी. त्यासाठी भरपूर उजेड लागे आणि समोरच्या माणसाला काही सेकंद तरी न हलता बसावे लागे. छापून प्रती काढण्याची सोय नाही. काच फुटली की चित्र संपले. उमरावसिंगांनी हा प्रकारही हाताळला. अशा परिस्थितीत घरातील छायाचित्र म्हणजे चुकून टिपलेला क्षण नसतोच. पडदा, खिडकी, कपडे, हात कोठे आणि नजर कोठे हे सारे ठरवून मांडावे लागते. म्हणजे तो एक छोटासा रंगमंच असतो. छायाचित्रकार त्याचा सूत्रधार आणि घरची माणसे पात्रे.

या रंगमंचावर अमृता लहानाची मोठी झाली. तिचा जन्म ३० जानेवारी १९१३ चा, बुडापेस्टमधला. आई मारी आंत्वानेत ही हंगेरियन, गाणारी, आणि कॅमेऱ्यापुढे संकोच ठाऊक नसलेली. पहिल्या महायुद्धाची वर्षे हंगेरीत, १९२१ पासून सिमला, १९२९ पासून पॅरिस. या साऱ्या प्रवासात वडिलांचे भिंग तिच्यावर रोखलेले होते : मुलगी, किशोरी, साडीतली तरुणी, चित्रफलकापुढची चित्रकार. कोणीतरी पाहत आहे हे जाणून बसणे म्हणजे काय, हे तिला शाळेत शिकावे लागले नाही. पॅरिसच्या वर्षांत तिने स्वतःला किती निरनिराळ्या सोंगांत रंगवले ते पाहिले, हसरी, गंभीर, आणि १९३४ मध्ये तर फ्रेंच चित्रकार गोगँच्या ताहितीतल्या बाईच्या रूपात, की वडिलांच्या आत्मचित्रांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तिने फोटोंवरून चित्रे काढली असे मी म्हणत नाही. ती प्रत्यक्ष समोर बसलेल्या माणसांवरून काम करी आणि तिचे मामा एर्विन बाक्ताय, जे स्वतः आधी चित्रकार व पुढे भारतविद्येचे अभ्यासक होते, यांनी तिला लहानपणीच तो आग्रह धरायला शिकवले होते. माझे म्हणणे इतकेच की, पाहणे आणि पाहिले जाणे यांचा जो खेळ तिच्या चित्रांत आहे त्याची तालीम या घरात झाली. त्यामुळे उमरावसिंगांना मी तिच्या पंक्तीला बसवले, ते वडील म्हणून नव्हे, तर याच खेळातील आधीचा भिडू म्हणून. अमृता त्यांच्यापेक्षा फार मोठी कलावंत आहे याबद्दल आपल्यात वाद नाही.

विवान यांच्याकडे येतो. मावशीच्या नावावर कारकीर्द उभी केली हा आरोप तारखांपुढे टिकत नाही. त्यांचा जन्म १९४३ चा, म्हणजे मावशी गेल्यानंतरचा. बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात आणि पुढे लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये ते शिकले. १९६८ च्या विद्यार्थी चळवळीत वावरले. १९८१ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात 'प्लेस फॉर पीपल' हे जे प्रदर्शन झाले, ज्यात भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, जोगेन चौधरी, नलिनी मालानी आणि आपले ठाण्याचे सुधीर पटवर्धन होते, त्यात विवानही होते. म्हणजे त्यांचे नाव कुटुंबाच्या विषयाला हात घालण्यापूर्वीच झालेले होते. शेरगिल कुटुंबाचे मोठे तैलचित्र त्यांनी १९८३-८४ मध्ये केले, कुटुंबाच्या कागदपत्रांचे आणि वस्तूंचे मांडणशिल्प १९९५ मध्ये, आणि ज्या संगणकीय छायाचित्रांवर आपला राग आहे ती साठीकडे झुकल्यावर. खरे तर घरातच एवढे मोठे नाव असताना माणूस आपल्या चित्रांत चाळिशीपर्यंत तिकडे फिरकला नाही, हे मला अधिक बोलके वाटते.

'मोडतोड' हा शब्द मात्र मला जिव्हारी लागला आणि त्यावर थोडे थांबावेसे वाटते. विवान यांनी काय केले? आजोबांची कृष्णधवल छायाचित्रे आणि मावशीची चित्रे संगणकावर घेऊन, निरनिराळ्या वर्षांची व निरनिराळ्या गावांची माणसे एका खोलीत आणली. पॅरिसची अमृता आणि सिमल्याची अमृता शेजारी आल्या. भिंतीवरच्या आरशात भलताच चेहरा दिसू लागला. कॅमेऱ्यामागे उभे राहणारे वडील मुलीच्या समोर आले. मूळ निगेटिव्हला यात ओरखडाही गेलेला नाही. २००८ मध्ये उमरावसिंगांच्या छायाचित्रांचे जे स्वतंत्र पुस्तक निघाले त्यामागेही विवान होतेच, आणि त्यात ती छायाचित्रे जशीच्या तशी आहेत. म्हणजे ज्या माणसावर आपण मोडतोडीचा ठपका ठेवता, त्यानेच मूळ ऐवज जगापुढे आणला.

पण मला सांगायचे आहे ते याहून वेगळे आहे. या कुटुंबाच्या दप्तरात पहिली ढवळाढवळ फोटोशॉपने झाली नाही. ती काडीपेटीने झाली, आणि घरातल्या सर्वांत जपणाऱ्या माणसाच्या राज्यात झाली. १९३८ मध्ये अमृता हंगेरीला गेली आणि तेथे तिने आपला मावसभाऊ व्हिक्टर एगान याच्याशी लग्न केले. ती तिकडे असताना आईवडिलांनी तिची मागे राहिलेली पत्रे जाळली. त्यांत जवाहरलाल नेहरूंचीही पत्रे होती. हे कळल्यावर तिने वडिलांना जे उत्तर लिहिले ते वाचताना आजही हसू येते आणि लगेच विरते. तिचे म्हणणे असे की, ती पत्रे मी मागे ठेवली ती माझ्या पापी भूतकाळाचे धोकादायक पुरावे म्हणून नव्हे, तर सामान आधीच जड झाले होते म्हणून. आता म्हातारपणी जुनी प्रेमपत्रे वाचून होणारी करमणूकही नशिबात नाही, असे समजून चालावे लागेल. तिचे वय तेव्हा पंचवीस होते, आणि ते म्हातारपण आलेच नाही. ५ डिसेंबर १९४१ च्या रात्री लाहोरला तिचा अंत झाला, तिच्या प्रदर्शनाला थोडेच दिवस उरले असताना.

ज्या वडिलांनी मुलीची प्रत्येक बैठक काचेवर जपली, त्यांच्याच घरात तिचा शब्द जाळला गेला. आपण ज्याला 'मूळ, अस्सल, न ढवळलेला ठेवा' म्हणता त्यात हे भोक आधीपासून आहे. वडिलांनी मुलीला जसे पाहायचे ठरवले तशी ती छायाचित्रांत आहे; तिने स्वतः काय लिहिले-वाचले याचा मोठा भाग राखेत गेला. नातवापुढे पर्याय दोन होते : आजोबांनी मांडलेला रंगमंच जसाच्या तसा देवघरात ठेवायचा, किंवा त्यावर चढून पात्रांच्या जागा बदलायच्या आणि तो रंगमंच होता हे दाखवून द्यायचे. त्यांनी दोन्ही केले. एकीकडे अमृताची उरलेली पत्रे आणि लेखन शोधून, टिपा देऊन २०१० मध्ये दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केले आणि दुसरीकडे ही जुळवलेली छायाचित्रे केली. पहिले काम संपादकाचे आहे, दुसरे कलावंताचे. दुसऱ्यातील प्रत्येक प्रतिमा मला आवडते असे नाही. काहींत आरशांची हौस जरा जास्तच झाली आहे आणि बापलेकीच्या नात्यावर सुचवलेले काही अर्थ मला ओढूनताणून आणलेले वाटतात. हे मूळ लेखात मी लिहायला हवे होते. तेथे मी सगळ्यालाच मान डोलावली, आणि आपल्याला आलेल्या घराणेपूजेच्या वासाला ते एक कारण असावे.

मराठी वाचकाशी संबंध काय, या आक्षेपावर मी फार शब्द खर्च करत नाही. चांगला विषय आपल्या गावात घडलाच पाहिजे, असे मला वाटत नाही. पण संबंध हवाच असेल तर तो आहे. नोव्हेंबर १९३६ मध्ये अमृताची चित्रे मुंबईत ताजमहाल हॉटेलात मांडली गेली, तेव्हा कलासमीक्षक कार्ल खंडालावाला तिच्या बाजूने उभे राहिले आणि तिच्यावरचे पहिले महत्त्वाचे पुस्तकही त्यांनीच लिहिले. 'थ्री गर्ल्स' या चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. मुंबईहून ती वेरूळ-अजिंठ्याला गेली आणि तेथून दक्षिणेत उतरली. १९३७ ची 'ब्राइड्स टॉयलेट', 'ब्रह्मचारी' आणि बाजाराला निघालेल्या दाक्षिणात्य खेडुतांचे चित्र ही त्या प्रवासाची कमाई आहे. पॅरिसमध्ये शिकलेला तिचा हात अजिंठ्याच्या भिंतींपुढे सैल झाला, आकृती सपाट आणि भारदस्त झाल्या, रंग मातीचे झाले. आणि विवान यांचे, माझ्या मते, सर्वांत मोठे छायाचित्राधारित काम घराण्यावरचे नाहीच. मुंबईच्या दंगलीत रस्त्यावर पडलेल्या एका मृत माणसाचे होशी जाल यांनी टिपलेले छायाचित्र वर्तमानपत्रात आले होते. त्या एका छायाचित्राभोवती विवान यांनी १९९३ मध्ये 'मेमोरियल' उभे केले : त्या छायाचित्राच्या प्रतींत ठोकलेले खिळे, पत्र्याच्या ट्रंकांची कमान, काचेच्या पेट्या. ज्याला स्मारक मिळण्याची शक्यताच नव्हती अशा अनोळखी माणसाला मिळालेले ते स्मारक आहे. ज्याला फक्त मावशीच्या पुण्याईवर जगायचे आहे, तो या वाटेला जात नाही.

आता आपला तो शेवटचा प्रश्न. 'लेखाच्या मध्यभागी जो कौटुंबिक फोटो दिला आहे, त्यात अमृताच्या शेजारी बसलेली मुलगी कोण? लेखात तिचे नाव सापडले नाही.'

नाव सापडले नाही, कारण मी ते दिलेच नव्हते. ती इंदिरा. मी तिच्या वडिलांवर चार परिच्छेद लिहिले, बहिणीवर सहा, मुलावर तीन. आणि तिला 'बहीण' व 'आई' या दोन शब्दांत उरकले. मग माझ्या पुतण्या-भाच्याच्या घोटाळ्याचेही नवल राहत नाही. मधला दुवाच मी गाळला होता. इंदिरा अमृताहून वर्षभराने लहान. ती पियानो वाजवीत असे आणि पॅरिसला जाण्यामागे जसे अमृताचे चित्रकलेचे शिक्षण होते तसे इंदिरेचे संगीताचेही होते. वडिलांच्या छायाचित्रांत ती अमृताइतकीच आहे. ज्या 'यंग गर्ल्स' या चित्राने १९३३ मध्ये पॅरिसच्या सलाँ या मोठ्या प्रदर्शनात अमृताचे नाव केले, त्यातील दोघींपैकी पूर्ण पोशाखात, खुर्चीत आत्मविश्वासाने बसलेली, सावळ्या वर्णाची मुलगी म्हणजे इंदिराच. समोरच्या फ्रेंच मैत्रिणीचा चेहरा सोनेरी केसांनी झाकलेला आहे आणि इंदिरेचा पूर्ण दिसतो. १९३२ च्या 'स्लीप' या चित्रात झोपलेलीही तीच. पुढे तिचे लग्न सुंदरम यांच्याशी झाले, जे नंतर देशाचे दुसरे मुख्य निवडणूक आयुक्त होते. १९४१ मध्ये बहीण गेली, १९४८ मध्ये आईने स्वतःवर गोळी झाडली, १९५४ मध्ये वडील गेले. मागे उरलेल्यांत ती होती, आणि मग तिच्या मुलाने तिलाही आपल्या प्रतिमांत घेतले. वडिलांनी टिपले, बहिणीने रंगवले, मुलाने जुळवले. तिन्ही पिढ्यांच्या कामात ती समोर बसलेली आहे, आणि तिने या तिघांकडे कसे पाहिले याचे चित्र किंवा छायाचित्र माझ्या पाहण्यात नाही.

मूळ लेखात तिचे नाव आता घातले आहे, फोटोखालच्या ओळीतही. डावीकडून दुसरी.